नऊ नंबरची वाट

समोर बाई असती तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. पण नऊ नंबरला झिंज्या नव्हत्या, तोंड नव्हतं, पत्ता नव्हता. होती फक्त एका बोटाची थरथर. आणि माझा नवरा रोज सकाळी दहा ते साडेअकरा त्या थरथरीच्या मागं मागं जात होता. तेही माझ्यापासून चार खुर्च्या सोडून, माझ्याच विभागात!

मी त्रिशला मगदूम. इचलकरंजीच्या लोकमंगल सार्वजनिक वाचनालयात स्पर्श विभाग सांभाळते. मला जन्मापासून दिसत नाही आणि त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही. ब्रेलचे ठिपके मी ज्या वेगानं वाचते त्या वेगानं डोळस माणसं पेपरसुद्धा वाचत नाहीत. हे फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, म्हणूनच सांगते.

पूर्वी आमच्या विभागाची काय दैना होती! अंधांची पुस्तकं पहिल्या मजल्यावर, बावीस पायऱ्या चढून. कपाटाला कुलूप, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई चहाला. मग नसीम मुजावर मॅडम ग्रंथपाल म्हणून आल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांची चाकाची खुर्ची दारातल्या तीन पायऱ्यांपाशी अडली. त्यांनी तिथंच, रस्त्यावर, हजेरीपट मागवून सही केली आणि दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला. दोन वर्षांत दाराला उतार आला, फरशीवर पायाला कळणाऱ्या उंचवट्याच्या पट्ट्या आल्या, पुस्तक देण्याघेण्याचं टेबल खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हाताला लागेल इतकं खाली आलं. ज्या मुलांना गोंगाट सोसत नाही त्यांच्यासाठी मागची खोली शांत ठेवली. आमचा विभाग तळमजल्यावर आला. आणि सगळ्यात शेवटी, गेल्या वर्षी, म्हणजे दोन हजार त्रेचाळीसच्या दिवाळीनंतर, उठावपट आले.

उठावपट म्हणजे टेबलावर पसरलेला वहीच्या दोन पानांएवढा पातळ रबरी पट. त्याच्या पोटात एका खास प्लास्टिकचे हजारो बारीक कण ओळीनं बसवलेले असतात. विजेचा दाब दिला की ते फुगतात, काढला की बसतात. कुठलंही छापील पुस्तक शेजारच्या कॅमेऱ्याखाली धरा, यंत्र अक्षरं ओळखतं आणि पटावर ब्रेलचे ठिपके उठतात. एका फटक्यात वाचनालयातली चाळीस हजार पुस्तकं आमची झाली. मी त्या दिवशी जेवायला घरी गेले नाही. कपाटापुढं उभी राहून कुठलं आधी काढू, कुठलं आधी काढू असं करत राहिले.

खरी गंमत पुढंच आहे. तेच कण बोटानं दाबले की उलट इवलीशी वीज तयार करतात. त्यामुळं वाचणाऱ्याचं बोट कुठं आहे, किती जोरात टेकलंय, कुठं थबकलं, कुठून मागं फिरलं, हे सगळं पटाला कळतं. मोठेपणी डोळे गेलेल्या माणसाला ब्रेलची अक्षरं महिन्याभरात पाठ होतात, पण वाचता येत नाही. बोट ओळीवर ठरत नाही, खालीवर घासतं, ओळ सुटते, माणूस वैतागतो आणि नाद सोडतो. म्हणून पट बनवणाऱ्यांनी अनुभवी वाचकांची चाल पकडली. एखाद्याची पन्नास-साठ पानं वाचून झाली की यंत्राला अंदाज येतो, हा कुठं रेंगाळेल, कुठं भरभर जाईल, कुठं अडखळेल. मग ती चाल कुठल्याही पुस्तकावर, ठिपक्यांच्या खालून, बारीक थरथरीच्या रूपात चालवता येते. थरथर पुढं, शिकणाऱ्याचं बोट मागं. याला आम्ही वाट म्हणतो. आमच्याकडं बारा वाटा आहेत. त्यांना नंबर असतात, नावं नसतात. बोटाची चाल ही हस्ताक्षरासारखी खाजगी गोष्ट आहे, ती कुणाची हे सांगायचं नाही, असा नियम आहे.

तीन नंबरची वाट माझी. पट बसवायला आलेला माणूस म्हणाला होता, "ताई, एवढी सरळ, एवढी स्वच्छ वाट अख्ख्या राज्यात नाही."

आता आमच्या ह्यांचं सांगते. भरतेश मगदूम. यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो वठणीवर आणणारे. लग्न झालं तेव्हा चांगले डोळस होते. बावीस वर्षं त्यांनी मला औषधांच्या बाटल्यांपासून लग्नाच्या पत्रिकांपर्यंत सगळं वाचून दाखवलं, एकदाही कुरकूर न करता. तीन वर्षांपूर्वी साखरेनं त्यांचे डोळे घेतले. तेव्हा मी म्हटलं, चला, आता माझी पाळी. मी ह्यांना वाचायला शिकवणार.

शिकवलं कसलं, कपाळ! धडा सुरू झाला की पाचव्या मिनिटाला माझा पारा चढायचा. "अहो, हा 'क' आहे, किती वेळा सांगायचं?" ते हळूच ठिपक्यांचा कागद सरकवून द्यायचे. "राहू दे गं. मागाच्या धाग्यांनी बोटं जाड झालीत माझी." असं चारपाच वेळा झाल्यावर मीही नाद सोडला. पट आले तेव्हा मात्र मी हट्टानं त्यांना वाचनालयात नेलं, कार्ड काढलं, तीन नंबर लावून दिला आणि कानात सांगितलं, "माझ्यामागून या."

दोन दिवस आले. तिसऱ्या दिवशी बघते तर यांनी परस्पर नऊ नंबर लावलेला.

"का हो?"

"अगं, तुझी वाट म्हणजे एक्स्प्रेस गाडी आहे. मी पिशवी उचलेपर्यंत गाडी पुढच्या स्टेशनात."

मी हसले. वरवर हसले. आतून अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यानंतर घरात रोज नऊ नंबर. भाकरी मोडताना नऊ नंबर, गोळ्या घेताना नऊ नंबर. ते एका विमा एजंटाची विनोदी कादंबरी वाचत होते. "त्रिशला, आज काय झालं सांगू? एजंट म्हशीचा विमा उतरवायला जातो ना, तिथं ती मधेच थांबली बघ. परत मागं गेली. मीही गेलो. आणि मग कळलं की म्हैस शेजाऱ्याची आहे! लई हसलो." ज्या माणसानं माझ्याकडून धड बाराखडी घेतली नाही तो दीड महिन्यात सोळा पानं वाचून बसला होता. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या पोटात दुखत होतं, खरं सांगायला मला लाज नाही.

एके दुपारी विभागात कुणी नव्हतं. मी यांच्या खुर्चीवर बसले आणि नऊ नंबर लावला. हलकं बोट. रेंगाळणारं. ओळ संपली की जरा टेकणारं. एका जोडाक्षरावर ते चुकलं, मागं फिरलं, परत आलं आणि मग दोनतीन शब्द एकदम पळालं, खुशीत आल्यासारखं. मला अगदी स्पष्ट वाटलं की ही बाई आहे आणि हिचा आवाज गोड असणार. मी झटक्यात हात काढून घेतला. बावीस वर्षांत त्यांनी दुसऱ्या बाईकडं बघितलं नव्हतं. आता बघायचा प्रश्न उरला नाही तर हे असं!

मी तडक मुजावर मॅडमकडं गेले. "नऊ नंबर कोण आहे?"

"ताई, नियम तुम्हीच पाठ करून घेतलेत सगळ्यांकडून."

"बाई आहे ना?"

"त्रिशलाताई, तुमची तब्येत बरी आहे ना?" मॅडमनी इतक्या मायेनं विचारलं की मला आणखीनच राग आला.

आता मी जे केलं ते. प्रत्येक वाचकाच्या कार्डावर थरथर किती जोराची असावी हे ठरवता येतं. एक ते दहा. कुणाचं बोट नाजूक असतं, कुणाचं राठ. ते ठरवायची किल्ली विभागप्रमुख म्हणून माझ्याकडं होती. भरतेशांची थरथर दहावर होती. एकदम बंद केली असती तर त्यांनी लगेच ओरडून विचारलं असतं. म्हणून मी रोज सकाळी, ते यायच्या आधी, एकेक पायरी उतरवत गेले. नऊ. आठ. सात. नऊ नंबर त्यांना हळूहळू बेचव लागावी, कंटाळून त्यांनी सोडून द्यावी आणि माझ्याकडं यावं. एवढाच माझा बेत होता.

पाचवर आल्यावर ते बोट जास्त दाबायला लागले, मला रबराचा आवाज यायचा. चारवर आल्यावर मधेच उठून हात धुऊन आले. तीनवर आल्यावर पँटवर बोटं घासत होते, परत परत. मी आपली माझ्या टेबलाशी बसून मनात म्हणत होते, बघ, गेली की नाही तुझी गोड आवाजाची? घरी नऊ नंबरचं नाव बंद झालं. म्हैस कुठवर आली ते कळेना. मीही विचारलं नाही.

दोनवर आणली त्या दिवशी ते सव्वादहालाच उठले. काठी टेकत माझ्या टेबलापाशी आले.

"त्रिशला, यंत्र नको आता. तूच शिकव मला. घरी. कागदावरचं, साधं."

"का हो? नऊ नंबरशी बिनसलं?"

"शिकवशील ना? पण लवकर शिकव. रागावलीस तरी चालेल."

मला कुणी पेढ्यांचा डबा दिला असता तरी एवढा आनंद झाला नसता. मी त्याच दिवशी जाड कागद आणला, ठिपके टोचायची पाटी आणि टोचणी काढली. रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायला लागलो. मी त्यांच्या उजव्या हाताची बोटं माझ्या हातात धरून ओळीवरून फिरवत होते. आणि काय त्यांचा अभ्यास! पूर्वी दहा मिनिटांत कंटाळणारा माणूस दोन दोन तास उठेना. चुकले तर परत, परत चुकले तर परत परत. एकदाही म्हणाले नाहीत की राहू दे. मी एकदाही ओरडले नाही. माझी माया बघून मलाच नवल वाटत होतं. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी तीन ओळींचा धडा माझ्या मदतीशिवाय वाचला, अडखळत, पण वाचला. मी त्यांच्या हातावर थाप मारली आणि म्हटलं, "बघा, माणसाची सर यंत्राला येते का?" ते नुसतं "व्हय" म्हणाले.

त्या दिवशी दुपारी मी वाचनालयातून लवकर आले. ते मागच्या गॅलरीत फोनवर बोलत होते, आमच्या लेकीशी, प्रांजलशी. ती पुण्याला नोकरी करते. मी आले हे त्यांना कळलं नाही.

"नाही गं, डॉक्टरकडं नाही गेलो. जाऊन काय करू? त्यांनी मागंच सांगितलंय. ते चिमट्यासारखं वाजणारं लोखंड असतं बघ, ते वाजवून पायाला लावलं, बोटांना लावलं, आणि म्हणाले, मगदूम, साखरेनं बोटांच्या नसा जायला लागल्या की थरथर आधी कळेनाशी होते. दुखणं, टोचणं नंतर जातं. तेव्हा कळत होती मला. आता नाही कळत. रोज थोडी थोडी गेली. आठ दिवसांत गेली. डोळे गेले तसंच." थोडा वेळ ते ऐकत होते. "नाही, आईला सांगू नकोस. तुला शपथ आहे. ती एवढ्या हौसेनं शिकवतीय. जेवढे दिवस बोटं आहेत तेवढ्यात एखादं पुस्तक तरी वाचून होईल का, बघतो."

दाराची चौकट धरून मी तिथंच खाली बसले. डॉक्टरांनी ती तपासणी केली तेव्हा मी बाहेर बाकावर बसले होते. थरथर आधी जाते हे मला ठाऊकच नव्हतं. ठाऊक असतं तर केलं नसतं का? ह्याचं उत्तर मी आजही स्वतःला देत नाही.

तोंडानं सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी पाटीत कागद अडकवला आणि टोचणी घेतली. पाटीवर लिहिताना ठिपके उलट्या बाजूनं, उजवीकडून डावीकडं टोचावे लागतात. एरवी मी ते झोपेतसुद्धा केलं असतं. त्या दिवशी दोन कागद फुकट गेले. पाच वाजता नेहमीसारखे ते टेबलाशी येऊन बसले. मी कागद त्यांच्यापुढं ठेवला.

"आजचा धडा," मी म्हटलं. त्यांचा हात धरला नाही.

बोट कागदावर घासल्याचा आवाज येतो. अगदी बारीक, पण मला येतो. ते अक्षर अक्षर लावत मोठ्यानं वाचायला लागले. "थ... र... थर... थरथर. मी. क... कमी. के... केली." ते थांबले. "काय लिहिलंयस हे?"

"पुढं वाचा."

"तुमची. बो... बोटं. चां... चांगली. आहेत." बोट तिथंच राहिलं. मग पहिल्या ओळीवर गेलं, परत खाली आलं. शेवटची ओळ त्यांनी मनातच वाचली. त्यात लिहिलं होतं की नऊ नंबरचा मला हेवा वाटत होता, म्हणून मी रोज एक पायरी उतरवली.

त्यांनी एकदम मोठा श्वास घेतला, आणि तो सोडताना हुंदका आला. "म्हणजे शाबूत आहेत?"

"हो."

"नसा गेलेल्या नाहीत?"

"नाहीत हो. मी केलं ते. सगळं मी केलं."

"बारा दिवस," ते म्हणाले. "बारा दिवस मी रोज सकाळी साखर तपासायच्या सुईनं एकेक बोट टोचून बघतोय. कुठलं गेलं, कुठलं राहिलं."

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढं टेबलावर ठेवले. मी चाचपले. दहाही बोटांच्या टोकांना खरबरीत टोचे होते, काही सुकलेले, काही ओले. मी माणसाचं बोट ओळखते म्हणून गावभर मिरवते. चार दिवस ही बोटं माझ्या हातात होती, आणि मला एवढंच कळत होतं की ती माझ्या हातात आहेत.

मी रडायला लागले. त्यांनी मला गप्प केलं नाही. एरवी लगेच करतात.

"मला विचारायचं होतंस," ते शेवटी म्हणाले. "नऊ नंबरमध्ये काय आहे म्हणून."

"काय आहे?"

"चुकते ती. माझ्यासारखीच. चुकते, मागं येते, आणि जमलं की खूश होते. ती कोण आहे मला माहीत नाही, बाई आहे का बाप्या तेही माहीत नाही. माझ्या घरात चोवीस तास एक न चुकणारं माणूस आहे, त्रिशला. दीड तास मला चुकणाऱ्याबरोबर बसू दे."

बोलायला काही ठेवलंच नव्हतं मी.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या वेळी मी मुजावर मॅडमपुढं उभी राहिले आणि सगळं सांगितलं. मॅडमनी मधे एकदाही थांबवलं नाही. ऐकून झाल्यावर त्यांच्या खुर्चीची चाकं थोडी मागं गेली, मला आवाज आला.

"ताई, लोक इथं कुठल्या भरवशावर बोट टेकवतात?"

मी किल्ली मुठीत धरली.

"किल्ली टेबलावर ठेवा. यापुढं प्रत्येकाची थरथर तो स्वतः ठरवेल. आणि मी हे वर कळवणार आहे. तुम्ही माझ्या मैत्रीण आहात म्हणून थांबणार नाही."

"थांबू नका," मी म्हटलं आणि किल्ली ठेवली.

दहा वाजता भरतेश आले. रिक्षानं, एकटे. सकाळपासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलले होते. मॅडमनी त्यांना बटण कुठं आहे ते दाखवलं, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं एकेक पायरी चढवली. प्रत्येक पायरीला बारीक टिक असा आवाज होतो. मी आठ मोजले. मग ते चार खुर्च्या पलीकडं बसले आणि त्यांनी बोट टेकवलं.

पहिल्यांदा काहीच आवाज आला नाही. मग "आली," असं ते पुटपुटले. दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नसेल. माझ्या काळजाला घरं पडली. तासभर तसाच गेला असेल नाहीतर कमी, आणि एकदम ते खो खो हसले, सगळ्या विभागाला ऐकू जाईल असे. त्या म्हशीचं काय झालं असेल, ते मला कळायलाच हवं होतं. ओठांवर आलं होतं माझ्या, काय हो, काय झालं?

मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. साडेअकरा वाजायला अजून चाळीस मिनिटं होती. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले आणि त्यातली एक एक मोजली.